नोंदी आहेत, जोडणी हवी

मार्च २०१० मध्ये 'जर्नल ऑफ द असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया' या नियतकालिकात मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांचा एक लेख प्रसिद्ध झाला. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात त्यांच्या प्रयोगशाळेत कार्बापेनेम गटातील औषधांना दाद न देणारे २४ जंतू सापडले होते आणि त्यांतल्या २२ जंतूंमध्ये एनडीएम-१ हे नवे रोधक जनुक निघाले होते. बाकीची प्रतिजैविके हरली की अतिदक्षता विभागातले डॉक्टर ज्या औषधांकडे वळतात, ती ही कार्बापेनेम. हे जनुक त्याआधी स्वीडनमध्ये एका रुग्णाच्या लघवीतील क्लेबसिएला जंतूत पहिल्यांदा ओळखले गेले होते. तो रुग्ण २००७ च्या अखेरीस दिल्लीत उपचार घेऊन परतला होता. पुढे २०११ मध्ये आणखी एक शोधनिबंध आला. 'सेन्ट्री' या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणासाठी भारतातल्या रुग्णालयांतून २००६ आणि २००७ साली गोळा केलेले जंतू संशोधकांनी पुन्हा तपासले, तेव्हा नवी दिल्ली, मुंबई आणि पुणे या तिन्ही शहरांतल्या नमुन्यांत एनडीएम-१ सापडले. जगाने त्याला नाव देण्याआधीच ते आपल्या शहरांत मुक्कामाला होते.

यात कुणाला दोष देता येणार नाही. ज्या जनुकाची ओळखच नव्हती, ते शोधणार कसे? पण या घटनाक्रमातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. जंतू औषधाला जुमानत नाही, एवढे कळायला जनुकाचे नाव माहीत असावे लागत नाही. प्रयोगशाळेतली साधी कल्चर-सेन्सिटिव्हिटी चाचणी ते सांगते आणि रजिस्टरमध्ये 'रेझिस्टंट' अशी नोंद होते. एकट्या रुग्णालयात अशी एखाददुसरी नोंद अपवाद म्हणून सोडून दिली जाते. तशाच नोंदी तीन शहरांतून येत आहेत हे ज्याला दिसेल, तो मात्र ती सोडून देणार नाही. तीन शहरे एकत्र पाहणारा डोळाच नसेल, तर प्रत्येक ठिकाणचा अपवाद त्या ठिकाणीच राहतो.

हे पुस्तक त्या डोळ्याबद्दल आहे. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंवर लक्ष ठेवण्यासाठी लागणारी पुष्कळशी माहिती आपल्याकडे रोज तयार होते. ती प्रयोगशाळांच्या रजिस्टरमध्ये, रुग्णालयांच्या औषधभांडारात, मेडिकल दुकानांच्या वहीत, विमा योजनांच्या दाव्यांत आणि पशुवैद्यकीय दवाखान्यांत विखुरलेली आहे. ती एकत्र आणणे शक्य आहे आणि त्यासाठी नवी संस्था उभी राहण्याची वाट पाहत बसण्याची गरज नाही, हा या पुस्तकाचा गाभा आहे. मला तो मनापासून पटतो, म्हणून ही प्रस्तावना.

प्रतिजैविके जंतूंना मारतात आणि मारता मारता त्यांची निवडही करतात. औषधाच्या माऱ्यातून जे थोडे जंतू वाचतात, त्यांचीच पिलावळ पुढे वाढते. शिवाय अनेक जंतू रोधाची जनुके एकमेकांना देतात, अगदी दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या वेळी केलेल्या भाषणातच अपुऱ्या मात्रेत औषध घेण्याचा धोका सांगितला होता. आपल्या देशात प्रतिजैविके तयार करण्याचा सरकारी कारखाना पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभा राहिला. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या त्या कारखान्याच्या काळातल्या डॉक्टरांनी न्यूमोनिया, बाळंतज्वर, जखमेतून रक्तात पसरणारा पू अशी माणसे नेणारी दुखणी काही दिवसांत आटोक्यात येताना पाहिली. ती कमाई आज आपल्या हातून निसटते आहे.

किती निसटते आहे? 'लॅन्सेट'मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात प्रतिजैविक-रोधामुळे थेट १२ लाख ७० हजार माणसे दगावली आणि ४९ लाख ५० हजार मृत्यूंमध्ये त्याचा वाटा होता. त्याच गटाच्या २०२४ च्या अभ्यासाचा अंदाज असा की, परिस्थिती न बदलल्यास २०२५ ते २०५० या काळात ३ कोटी ९० लाख मृत्यू थेट या कारणाने होतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे २०२३ साली प्रयोगशाळेत निश्चित झालेल्या जंतुसंसर्गांपैकी दर सहामागे एक संसर्ग औषधाला दाद न देणारा होता. भारत ज्यात मोडतो त्या आग्नेय आशिया विभागात हे प्रमाण तीनात एक इतके आहे.

हे आकडे वर्तमानपत्रांनी ठळक अक्षरांत छापले. ते कसे तयार झाले, हे मात्र फारसे कुणी सांगितले नाही. २०२२ च्या अभ्यासासाठी संशोधकांनी २०४ देश-प्रदेशांसाठी ४७ कोटी १० लाख नोंदी वापरल्या आणि त्यातला मोठा भाग आधीच कुठे ना कुठे पडून असलेल्या माहितीचा होता: रुग्णालयांच्या दप्तरातल्या नोंदी, मृत्यूच्या कारणांची नोंद, प्रयोगशाळांचे निकाल, देशोदेशींची सर्वेक्षणे, औषधांच्या वापराची माहिती. ज्या आकड्यांनी सरकारांना जागे केले, ते आकडे जोडणीतूनच आले आहेत.

आता आपल्या जिल्ह्यात काय काय आहे ते पाहू. सर्वांत मोलाची नोंद कल्चर करणाऱ्या लॅबमध्ये आहे. वैद्यकीय महाविद्यालये, मोठी रुग्णालये आणि खासगी लॅब यांच्याकडे रोज रक्त, लघवी, पू, थुंकी यांचे नमुने येतात. टेक्निशियन जंतू वाढवतो, त्याची ओळख पटवतो, औषधाच्या चकत्या ठेवतो आणि चकतीभोवती जंतू न वाढलेले वर्तुळ किती मिलिमीटरचे आहे ते मोजतो. रिपोर्ट डॉक्टरांकडे जातो, डॉक्टर औषध बदलतात आणि त्या रिपोर्टचे काम संपते. वर्षाअखेरीस त्याच लॅबकडे अशा हजारो निकालांची रास झालेली असते, पण ती रास म्हणून कुणी वाचत नाही.

दुसरी नोंद औषधांची. रुग्णालयाच्या भांडारातून कोणत्या वॉर्डला कोणते इंजेक्शन किती गेले, हे इंडेंटवर लिहिलेले असते. १ मार्च २०१४ पासून देशात 'शेड्यूल एच-१' लागू आहे. त्या यादीतल्या ४६ औषधांसाठी, म्हणजे तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम, क्षयरोगाची औषधे अशांसाठी, औषधविक्रेत्याने डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याची मात्रा वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायची आणि ते रजिस्टर तीन वर्षे जपायचे असा नियम आहे. हा नियम विक्रीला आवर घालण्यासाठी आला. पण ज्या तालुक्यात ही रजिस्टरे नीट भरली जातात, तिथे कोणते तगडे औषध वाढत चालले आहे, हे त्याच कागदावरून समजते. तपासणीला आलेल्या निरीक्षकाला दाखवण्यापलीकडे या वहीचा उपयोग आपण अजून केलेला नाही.

तिसरी नोंद रुग्णाच्या प्रवासाची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या दाव्यांत रुग्ण कोणत्या आजारासाठी भरती झाला, कोणता उपचार झाला, किती दिवस राहिला हे असते. जंतू कोणता होता हे बहुधा नसते. लॅबकडे जंतू आहे, पण रुग्ण वाचला की नाही हे नाही. या दोन नोंदी एकत्र आल्याशिवाय रोधामुळे किती माणसे गेली, किती दिवस वाढले, किती कुटुंबे कर्जात बुडाली, याचे उत्तर कुणालाच देता येणार नाही.

चौथी नोंद माणसांच्या दवाखान्याबाहेरची आहे आणि महाराष्ट्रात ती विसरून चालणार नाही. सोलापूर, सांगली, नाशिक या भागांत डाळिंबावर तेल्या पडला की शेतकरी स्ट्रेप्टोसायक्लिनची फवारणी करतात. त्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ही दोन प्रतिजैविके असतात. कुक्कुटपालनात, दुभत्या जनावरांच्या कासदाहात, कोळंबीच्या तळ्यांत प्रतिजैविके वापरली जातात. माणसांसाठी शेवटचा आधार असलेले कोलिस्टिन हे औषध खाद्यजनावरांना देण्यावर केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली, कारण गोठा आणि अतिदक्षता विभाग यांच्यातले अंतर जंतूंच्या हिशेबी फार कमी आहे. पशू आणि मत्स्य क्षेत्रातील रोधावर लक्ष ठेवण्यासाठी 'इन्फार' हे जाळे भारतीय कृषी संशोधन परिषदेने उभे केले आहे. कृषी सेवा केंद्राचा विक्री-हिशेब, दूध संघाच्या पशुवैद्यकाची डायरी आणि जिल्हा रुग्णालयाचे कल्चर रजिस्टर ही तीन कागदपत्रे एका टेबलावर कधी आलेली नाहीत.

ती आली की काय होते, याचे उत्तम उदाहरण डेन्मार्कचे आहे. तिथे १९९४ साली माणसांच्या उपचारासाठी व्हँकोमायसिन हे औषध वर्षभरात २४ किलो वापरले गेले. त्याच वर्षी त्याचेच भावंड असलेले अॅव्होपार्सिन डुकरांची आणि कोंबड्यांची वाढ व्हावी म्हणून त्यांच्या खाद्यात २४ हजार किलो घातले गेले. दोन्ही आकडे दोन वेगळ्या खात्यांकडे होते आणि आपापल्या जागी दोन्ही साधेच होते. शेजारी ठेवल्यावर मात्र त्यांनी देशाचे धोरण बदलले. १९९५ मध्ये डेन्मार्कने अॅव्होपार्सिनवर बंदी घातली आणि त्याच वर्षी माणसे, जनावरे आणि अन्न यांची माहिती दरवर्षी एकत्र मांडणारा 'डॅनमॅप' हा कार्यक्रम सुरू केला. बंदीनंतर कोंबड्यांमधील रोधक जंतूंचे प्रमाण झपाट्याने उतरले, हेही त्याच नोंदींमुळे कळले.

फिनलंडची गोष्ट माणसांच्या औषधाची आहे. घसादुखीच्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंमध्ये एरिथ्रोमायसिनचा रोध वाढताना दिसला, तेव्हा तिथल्या तज्ज्ञांनी डॉक्टरांना हे औषध कमी लिहिण्याची शिफारस केली. औषधांच्या खपाची आणि लॅबच्या निकालांची नोंद दोन्ही चालू होती. १९९२ मध्ये १६.५ टक्के असलेला रोध १९९६ मध्ये ८.६ टक्क्यांवर आला. रोध नेहमी असा परततोच असे नाही. बऱ्याच जंतूंमध्ये तो ठाण मांडून बसतो. पण केलेल्या उपायाचा गुण आला की नाही, हे दोन नोंदी जोडल्याशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही.

आपल्याकडेही असे प्रयत्न झाले आहेत. औषधकंपन्यांच्या व्यापारासाठी जमा होणारी विक्रीची माहिती वापरून संशोधकांनी २०१९ सालच्या भारतातील खासगी बाजाराचा अभ्यास केला आणि तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दर हजार माणसांमागे दररोज १०.४ प्रमाणित मात्रा, असा खप निघाला. हा आकडा कित्येक श्रीमंत देशांपेक्षा कमी आहे. चिंतेची बाब वेगळीच होती. जागतिक आरोग्य संघटनेने जपून वापरण्यास सांगितलेल्या 'वॉच' गटातील औषधांचा वाटा निम्म्याहून अधिक होता आणि सर्वाधिक खप अॅझिथ्रोमायसिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा होता. व्यापारासाठी जमवलेल्या माहितीने आरोग्यधोरणाच्या वर्मावर बोट ठेवले.

विषमज्वराचे उदाहरण तर प्रत्येक तालुक्याच्या डॉक्टरने लक्षात ठेवावे असे आहे. क्लोरॅम्फेनिकॉल हे त्यावरचे पहिले हुकमी औषध. १९७२ मध्ये केरळातल्या कोझिकोडहून त्याला न जुमानणाऱ्या विषमज्वराची नोंद झाली आणि पुढे ते औषध मागे पडले. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आले, तेही निकामी होत गेले. आता भिस्त सेफ्ट्रिअॅक्सोन आणि अॅझिथ्रोमायसिनवर आहे. दरम्यान देशातल्या प्रयोगशाळांच्या एकत्रित नोंदी सांगतात की आजचे विषमज्वराचे बहुतेक जंतू क्लोरॅम्फेनिकॉलला पुन्हा दाद देतात. जुने औषध परत उपयोगी पडू शकते, ही बातमी कुणा एका डॉक्टरला स्वतःच्या ओपीडीतून मिळणार नाही. अनेक वर्षांच्या आणि अनेक गावांच्या नोंदी एकत्र केल्यावरच ती हाती येते.

भारतात राष्ट्रीय पातळीवर हे काम २०१३ पासून दोन जाळी करत आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे जाळे प्रामुख्याने मोठ्या रुग्णालयांचे आहे. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राच्या जाळ्यात राज्याराज्यांतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा येतात. केरळने २०१८ मध्ये स्वतःचा कृती आराखडा केला आणि पुढे संपूर्ण राज्याचा अँटिबायोग्राम प्रसिद्ध करणारे ते देशातले पहिले राज्य ठरले. अँटिबायोग्राम म्हणजे कोणत्या जंतूवर कोणते औषध शंभरात किती वेळा चालते, याचा तक्ता. इतर राज्यांनी, विशेषतः वैद्यकीय महाविद्यालये आणि खासगी लॅब यांची रेलचेल असलेल्या महाराष्ट्राने, तिथून धडा घ्यावा असे मला वाटते.

मात्र जोडणी म्हणजे नुसती बेरीज नव्हे. या पुस्तकाचा सर्वांत मोलाचा भाग मला तो वाटतो, जिथे लेखकांनी जोडलेली माहिती कशी फसवू शकते हे न लपवता सांगितले आहे.

पहिला फास पुनरावृत्तीचा. समजा एका वॉर्डात दहा रुग्णांच्या रक्तात एकच जंतू सापडला आणि त्यांतल्या एकाचाच जंतू रोधक निघाला. प्रमाण झाले १० टक्के. पण तो एक रुग्ण महिनाभर भरती राहिला आणि त्याचे रक्त सहा वेळा तपासले गेले. सगळे निकाल मोजले तर पंधरांत सहा, म्हणजे ४० टक्के. म्हणून एका रुग्णाचा एका जंतूचा पहिलाच नमुना धरायचा आणि किमान ३० नमुने असल्याशिवाय टक्केवारी काढायची नाही, असा जगभरचा संकेत आहे. ज्या वहीत रुग्णाला कायमचा क्रमांक नाही, तिथे हा नियम पाळताच येत नाही.

दुसरा फास अधिक खोल आहे. कल्चर कुणाचे होते? लघवीच्या जळजळीसाठी गावातली बाई आधी मेडिकलमधून गोळ्या घेते. तीन दिवसांत बरे वाटले तर ती लॅबच्या दारात येत नाही. गोळ्या चालल्या नाहीत, ताप चढला, शहरातल्या रुग्णालयात जावे लागले, तरच तिचा नमुना घेतला जातो. लॅबमध्ये पोहोचणारे जंतू म्हणजे आधीच औषधांशी झुंजून आलेले जंतू. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या जाळ्याच्या अहवालांत क्लेबसिएला जंतूवर इमिपेनेम चालण्याचे प्रमाण २०१७ मध्ये ५८.५ टक्के होते, ते २०२३ मध्ये ३५.६ टक्क्यांवर आले. ही घसरण खरी आहे आणि भयंकर आहे. पण हा आकडा मोठ्या रुग्णालयांतल्या अतिगंभीर रुग्णांचा आहे. तो वाचून तालुक्याच्या डॉक्टरने साध्या लघवीच्या संसर्गालाही वरच्या पायरीचे औषध लिहिले, तर अर्धवट वाचलेली माहिती रोध वाढवायलाच मदत करील. म्हणून प्रत्येक टक्केवारीसोबत हे रुग्ण कोण होते, हे लिहिलेच पाहिजे.

तिसरा फास मोजपट्टीचा. वर्तुळ किती मिलिमीटरचे असेल तर जंतूला 'सेन्सिटिव्ह' म्हणायचे, हे निकष काळानुसार बदलतात. कार्बापेनेमसाठी अमेरिकेतील निकष २०१० मध्ये कडक झाले. आपल्याकडच्या बऱ्याच लॅब तेच निकष वापरतात, काही युरोपचे वापरतात. २००८ चा 'एस' आणि २०१४ चा 'एस' एकाच अर्थाचा असेलच असे नाही. रजिस्टरमध्ये फक्त 'एस' आणि 'आर' लिहिले असेल, तर तुलना कायमची बंद होते. मिलिमीटर लिहून ठेवले असतील, तर जुन्या नोंदी नव्या निकषांवर पुन्हा वाचता येतात. टेक्निशियनने दोन अंक जास्त लिहिण्याचे मोल इतके आहे.

बाकीच्या अडचणी कंटाळवाण्या आहेत, पण वेळ त्याच खातात. एकाच जंतूची चार स्पेलिंगे, एकाच औषधाची दहा ब्रँडनावे, वय कधी वर्षांत तर कधी महिन्यांत, वॉर्डाच्या रकान्यात डॉक्टरांचे नाव. यासाठी बोस्टनमध्ये तयार झालेले 'हूनेट' हे मोफत सॉफ्टवेअर १९८९ पासून उपलब्ध आहे आणि वेगवेगळ्या यंत्रांतली माहिती त्यात आणणारे साधनही त्यासोबत मिळते. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचे जाळे तेच वापरते. साधन आहे, ते चालवायला आठवड्याचे काही तास मोकळा असलेला माणूस द्यायला हवा.

हातातल्या नोंदींवर विसंबून आणखी एक चूक होऊ शकते: जिथे नोंदच नाही, तिथे प्रश्नही नाही असे वाटू लागते. आफ्रिकेतल्या १४ देशांत जुन्या प्रयोगशाळा-नोंदी गोळा करण्याचा मोठा प्रकल्प झाला, त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये जाहीर झाले. २०० हून अधिक प्रयोगशाळांतून ८ लाखांहून अधिक नोंदी निघाल्या. पण त्या देशांतल्या सुमारे ५० हजार प्रयोगशाळांपैकी जंतूंच्या चाचण्या करणाऱ्या फक्त १.३ टक्के होत्या आणि बहुतांश निकालांना रुग्णाच्या आजाराची माहिती जोडलेलीच नव्हती. जुन्या नोंदी जोडल्याने कुठे काय नाही, याचा नकाशाही तयार झाला. आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबार, पालघरच्या डोंगराळ भागाबद्दल हाच प्रश्न विचारावा लागेल. जोडणीतून निघालेले पहिले उत्तर 'इथे लॅब हवी' असे असेल, तर तेही उत्तरच आहे.

नोंद जोडायची म्हणजे माणसाचे खासगी आयुष्य जोडायचे, हेही विसरता येणार नाही. ज्या नमुन्यांतून जंतू निघतात, त्यांतल्या काहींत गुप्तरोग असतात, काहींत गर्भपातानंतरचे संसर्ग असतात. नावे काढून टाकली म्हणजे भागले असे समजू नये. लहान गावातली '३४ वर्षांची स्त्री, प्रसूती विभाग' एवढी नोंदही ओळख पटवायला पुरते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधून १४ अंकी आरोग्य क्रमांक लोकांना मिळत आहेत. क्रमांकाने जोडणी सोपी होईल. म्हणूनच सांकेतिक क्रमांक, लहान आकडे न छापणे आणि माहिती कोण पाहू शकेल याची लेखी मर्यादा हे नियम आधी ठरवायला हवेत. लोकांचा विश्वास गेला तर पुढची नोंदच खोटी होईल.

रुग्णालयांनाही भीती असते. आपल्याकडे रोधक जंतू जास्त आहेत असे छापून आले, तर रुग्ण दुसरीकडे जातील. पण जो तपासतो त्यालाच जंतू सापडतात. २०१० मध्ये हिंदुजाच्या डॉक्टरांनी आपल्याच लॅबचे निकाल जगासमोर ठेवले, त्यामुळे देशभरचे डॉक्टर सावध झाले. आकडे लपवणाऱ्यापेक्षा आकडे सांगणारे रुग्णालय रुग्णासाठी अधिक सुरक्षित असते, हे समाजाने आणि पत्रकारांनीही समजून घ्यायला हवे.

असे काम आपल्याला झेपेल का, अशी शंका घेणाऱ्यांनी क्षयरोगाकडे पाहावे. २०१२ मध्ये क्षयरोगाची नोंद सक्तीची झाली आणि 'निक्षय' ही राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. सरकारी आणि खासगी दोन्ही डॉक्टरांकडचे रुग्ण, त्यांच्या चाचण्या, औषधे आणि उपचाराचा शेवट आज एका ठिकाणी दिसतो. त्यातही त्रुटी आहेत, पण एका आजारापुरते हे करून दाखवलेला देश बाकीच्या जंतूंसाठीही ते करू शकतो.

या पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात कोणती नोंद कुठे सापडते आणि ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकते हे आहे. दुसरा भाग साफसफाई, जोडणी आणि हिशेबाचा. तो लॅब टेक्निशियन, औषधनिर्माते आणि सांख्यिकी सहायक यांनी हाताशी ठेवावा. तिसरा भाग निष्कर्ष परत पोहोचवण्याचा आहे आणि डॉक्टर, जिल्हा सर्वेक्षण अधिकारी, महापालिकांचे आरोग्य अधिकारी, पशुवैद्यक यांनी तो आधी वाचला तरी चालेल. माझ्या मते सगळ्या खटाटोपाची कसोटी तिथेच आहे. दिल्लीला गेलेली माहिती वर्षाने अहवाल होऊन परत येते. रात्री दोन वाजता रक्तात जंतू पसरलेल्या बाळासमोर उभ्या राहिलेल्या तरुण डॉक्टरला आपल्याच जिल्ह्याचा, चालू वर्षाचा, एका पानाचा तक्ता हवा असतो. ज्यांनी नोंदी लिहिल्या त्यांना त्या नोंदींचे फळ दिसले, तरच पुढची नोंद नीट होईल.

वाचकांना माझी एकच विनंती आहे. हे पुस्तक वाचून झाल्यावर आपल्या जिल्ह्यापासून सुरुवात करा. तुम्ही लॅबमध्ये असाल, तर आजपासून वर्तुळाचे मिलिमीटर आणि रुग्णाचा कायमचा क्रमांक लिहा. डॉक्टर असाल, तर पहिला डोस देण्याआधी नमुना घ्या आणि लॅबकडे वर्षाचा अँटिबायोग्राम मागा. औषधविक्रेते असाल, तर एच-१ चे रजिस्टर खरे भरा. अधिकारी असाल, तर वर्षातून एकदा लॅब, औषधभांडार आणि पशुसंवर्धन विभाग यांना एका बैठकीला बोलवा आणि तिघांच्या वह्या समोर ठेवायला सांगा. रुग्ण किंवा नातेवाईक असाल, तर कल्चरचा रिपोर्ट जपून ठेवा आणि पुढच्या डॉक्टरांना दाखवा. यातल्या एकाही कामासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. नव्या प्रतिजैविकाला बाजारात यायला दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. हे काम याच महिन्यात सुरू होऊ शकते.